मालगाडीची भाषा: वाघिणींवरची अक्षरे आणि यार्डातले शब्द

कुर्डुवाडीकर (प्रश्न)

खत आणि धान्य उतरवून घेणाऱ्या सहकारी संस्थांतल्या नव्या कर्मचाऱ्यांसाठी मराठीत एक शब्दसूची करतो आहे. मालधक्क्यावर रोज कानावर पडणारे शब्द नेमक्या अर्थासह द्यायचे आहेत, आणि जमेल तिथे ते कुठून आले हेही. अडलेल्या जागा अशा:

वाघिणीवर, म्हणजे मालडब्यावर (वॅगनवर), रंगवलेली बीसीएन, बीसीएनएचएल, बॉक्सएन, बीटीपीएन ही अक्षरे कशी फोडायची? त्याच्याजवळच्या अकरा आकडी क्रमांकातून काय कळते? रेक म्हटला की कधी ४२ वाघिणी तर कधी ५८, असे का? डॅमरेज आणि वारफेज दोन्ही 'उशिराचा दंड' म्हणून एका दमात बोलले जातात, त्यांत फरक काय? शिवाय सिक, बीपीसी, जीडीआर, स्टेबल, बँकर हे शब्द आहेतच. शब्दकोशातला अर्थ मला मिळतो. यार्डात ज्या अर्थाने वापरतात तो हवा आहे.

रूळमित्र

अक्षरांपासून सुरुवात करू. पहिला 'बी' म्हणजे बोगी, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. आपण बोलताना प्रवाशांच्या अख्ख्या डब्याला बोगी म्हणतो. तांत्रिक भाषेत बोगी म्हणजे डब्याखालची चार चाकांची, स्वतंत्रपणे वळणारी चौकट. उत्तर इंग्लंडमध्ये ठेंगण्या मालवाहू गाड्याला बोगी म्हणत, तिथून तो शब्द चाकांच्या चौकटीला चिकटला. वाघिणीखाली अशा दोन बोग्या, म्हणजे चार आस आणि आठ चाके. पूर्वी बिनबोगीच्या, फक्त दोन आसांच्या चारचाकी वाघिणी सर्रास धावत. त्यांच्यापासून वेगळेपण दाखवायला हा 'बी' आला.

दुसरे अक्षर अंगाचे. 'ओ' म्हणजे उघडी, 'सी' म्हणजे बंद छताची, 'टी' म्हणजे टाकी. बॉक्समधला 'एक्स' उंच भिंतींची खूण. शेवटचा 'एन' हवेच्या ब्रेकचा. जुन्या बॉक्स वाघिणींना व्हॅक्यूम ब्रेक होते, हवेचे ब्रेक आले आणि बॉक्सची बॉक्सएन झाली, बीसीएक्सची जागा बीसीएनने घेतली. बीटीपीएन म्हणजे बोगी, टाकी, पेट्रोलियम, हवेचा ब्रेक. वीजकेंद्रांकडे जाणारी बॉबरएन: बोगी, उघडी, तळातून रिकामी होणारी, तेही झपाट्याने. बॉक्सएन रिकामी करायला टिपलरवर अख्खी वाघीण उलटी करावी लागते, बॉबरएन रुळावर उभ्याउभ्या पोटाची दारे उघडते. दोघींत कोळसाच असतो. उतरवणाऱ्याकडे कोणती यंत्रणा आहे त्यावरून कोणती पाठवायची ते ठरते.

एचएल ही अक्षरे पुढच्या पिढीची, हलका सांगाडा आणि जास्त भार. फरक किती मोठा आहे ते आकड्यांत पाहा. जुन्या बीसीएनचे स्वतःचे वजन, म्हणजे टेअर, २७.२ टन आणि माल ५४.१ टन. बीसीएनएचएलचे टेअर २०.८ टन आणि माल ७०.८ टन. कप्लरपासून (दोन वाघिणी जोडणाऱ्या आकड्यापासून) कप्लरपर्यंतची लांबी मात्र सुमारे १५.४ मीटरवरून १०.९६३ मीटरवर आली. आखूड वाघीण, हलकी वाघीण, आणि माल जवळपास १७ टन जास्त. सूचीत बीसीएन आणि बीसीएनएचएल एका ओळीत घालू नका. धक्क्यावर हमाल किती लावायचे याचा हिशेबच दोघींचा वेगळा आहे.

आता क्रमांक. पहिले दोन आकडे वाघिणीच्या प्रकाराचे: उघड्यांचे १० पासून, बंद वाघिणींचे ३० पासून, टाक्यांचे ४० पासून सुरू होतात. पुढचे दोन मालक रेल्वेचे, ०१ मध्य, ०८ पश्चिम, ०९ दक्षिण मध्य. पाचवा-सहावा बांधणीच्या वर्षाचे, पुढचे चार त्या वाघिणीचा स्वतःचा क्रमांक, अकरावा पडताळणीचा. हा शेवटचा आकडा कारकुनाचा खरा सोबती आहे. समजा क्रमांक ३१०१०८२३४७ आणि पुढे १ असा आहे. सम जागांवरचे आकडे घ्या: १, १, ८, ३, ७. बेरीज २०, तिची तिप्पट ६०. विषम जागांवरचे: ३, ०, ०, २, ४. बेरीज ९. एकूण ६९. पुढच्या दहाच्या पटीला, म्हणजे ७० ला, १ कमी पडतो, म्हणून अकरावा आकडा १. नोंदवताना एक आकडा चुकला तरी हे गणित जमत नाही, आणि दुसऱ्याच रेल्वेची वाघीण आपल्या नावावर चढण्याआधी चूक पकडता येते.

मालधक्का

रेकबद्दल. एकत्र जोडलेल्या, एकाच प्रकारच्या वाघिणींची पूर्ण माळ म्हणजे रेक. शब्द ब्रिटिश रेल्वेतून आला. अमेरिकेत या अर्थी तो चालत नाही. इंजिन रेकमध्ये धरत नाहीत. म्हणून 'रेक आला पण पॉवर नाही' हे वाक्य यार्डात अगदी सरळ अर्थाने बोलले जाते: वाघिणी उभ्या आहेत, ओढायला इंजिन नाही.

वाघिणींची संख्या वजनावरून ठरते असा समज आहे, प्रत्यक्षात ती लूप लाइनच्या, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळाच्या, लांबीला बांधलेली आहे. मालगाडीला बाजूला घेऊन मागची गाडी पुढे काढायची तर ती लूपमध्ये पूर्ण मावायला हवी. आपल्याकडे लूपची प्रमाणित लांबी ६८६ मीटर. बॉक्सएनची कप्लरपासून कप्लरपर्यंत लांबी १०.७१३ मीटर, ५८ वाघिणींचे ६२१ मीटर होतात. डब्ल्यूएजी-९ जातीची दोन इंजिने सुमारे ४१ मीटर. झाले ६६२. उरलेल्या २४ मीटरमध्ये ब्रेक व्हॅन (गार्डचा शेवटचा डबा) आणि सिग्नलपासून थोडे मागे थांबण्याची जागा. बीसीएन बरीच लांब, म्हणून तिचा रेक ४० ते ४२ चा. बीसीएनएचएल आखूड, म्हणून पुन्हा ५८. तुमच्या ४२ आणि ५८ चे उत्तर हेच.

कंटेनर वाहणाऱ्या बीएलसी वाघिणींचे गणित निराळे. तिथे पाच वाघिणींचा एक संच असतो: दोन टोकांना ए, मध्ये तीन बी. संचाच्या आतले जोड कायमचे, झटका न बसणारे. नेहमीचा कप्लर फक्त टोकांना. असे नऊ संच म्हणजे ४५ वाघिणी, आणि प्रत्येकीवर वीस फुटी दोन कंटेनर धरले की ९०. मधली एक बी बिघडली तर ती एकटी सहज काढता येत नाही, पूर्ण पाचांचा संच बाजूला घ्यावा लागतो. न्हावाशेव्याच्या कंटेनर गाड्यांत 'पाच कापले' असे ऐकू येते ते यामुळे.

आणखी एक नोंद सूचीत घाला: 'सीसी अधिक ८ अधिक २'. सीसी म्हणजे वाघिणीवर लिहिलेली मालक्षमता, ८ म्हणजे ठरावीक मार्गांवर परवानगी मिळालेला वाढीव भार टनांत, आणि २ म्हणजे भरताना होणाऱ्या कमीजास्तीची सूट. बॉक्सएनवर लावून पाहा: टेअर २२.४७, माल ५८.८१, एकूण ८१.२८ टन, म्हणजे एका आसावर २०.३२. त्यात १० मिळवले की ९१.२८, आसावर २२.८२. रूळ, पूल आणि स्प्रिंगा या शेवटच्या आकड्याला पास केलेल्या असतात. त्यावर आणखी एखादा टन 'चालतो' म्हणून चढवणाऱ्याला नंतर वजनकाट्यावर दंड भरावा लागतो, आणि जास्तीचा माल वाटेत उतरवायची वेळ आली तर तो खर्च वेगळा.

शब्दखूण

उगमाची बाजू मी घेतो. मालगाडीचे बरेचसे शब्द रुळावर जन्मलेलेच नाहीत, ते बंदरातून आले आहेत.

डॅमरेज हा जहाजांचा शब्द. मुळाशी जुनी फ्रेंच 'देमोरे', म्हणजे थांबणे, राहणे. भाड्याने घेतलेले जहाज ठरल्या दिवसांपेक्षा जास्त अडकवून ठेवले तर मालकाला द्यायची भरपाई ती डॅमरेज. रेल्वेने जहाजाच्या जागी वाघीण ठेवली, बाकी अर्थ तोच. वारफेज म्हणजे धक्क्याचे भाडे, इंग्रजीत वार्फ म्हणजे धक्का. त्यामुळे फरक एका वाक्यात मावतो: वाघीण अडकवली तर डॅमरेज, वाघीण रिकामी केली पण माल रेल्वेच्या जागेवर पडून राहिला तर वारफेज. दोन्ही एकाच मालावर लागोपाठ लागू शकतात.

मराठीने तर हा बंदराचा धागा जास्त नेमका धरला आहे. गुड्स शेडला आपण मालधक्का म्हणतो. भाऊच्या धक्क्यातला धक्का तोच. यार्डात सामान हलवणारा खलाशीही मूळ जहाजावरचा. रुळाखालच्या खडीला बॅलास्ट म्हणतात, तेही जहाज स्थिर राहावे म्हणून तळाशी भरायच्या वजनाचे नाव. अमेरिकेत मालगाडीच्या शेवटच्या डब्याला कबूस म्हणत, आणि त्याचे मूळ डच भाषेतल्या जहाजावरच्या स्वयंपाकखोलीत आहे. पहिली गाडी ज्या बोरीबंदरहून १६ एप्रिल १८५३ ला ठाण्याला निघाली, त्याच्या नावात बंदर आहेच.

इंडेंटचा उगम सूचीत जरूर द्या. माल पाठवणारा 'इतक्या वाघिणी हव्यात' अशी मागणी नोंदवतो ती इंडेंट. जुन्या इंग्लंडमध्ये करारनामा एकाच कातड्यावर दोनदा लिहून मधून दातेरी कापत. दोन्ही पक्षांकडचे अर्धे जुळवले की दाते बरोबर बसले पाहिजेत, म्हणजे खोटा कागद चालणार नाही. दात म्हणून इंडेंचर, आणि त्यातून इंडेंट.

गार्ड हा घोड्यांच्या टपाल बग्गीवरचा. टपालाची राखण करणारा माणूस पुढे आगगाडीवर आला आणि मालगाडीच्या शेपटाला ब्रेक व्हॅनमध्ये बसला. जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे त्याचे अधिकृत पदनाम ट्रेन मॅनेजर आहे. बोलण्यात गार्डच चालतो, तेव्हा सूचीत दोन्ही लिहा.

वाघीण हा शब्द वॅगनचाच. परका उच्चार मराठी कानाने ओळखीच्या शब्दावर बसवला, लिंगही त्यासोबत स्त्रीलिंगी झाले आणि अनेकवचन वाघिणी. वर्तमानपत्रांनी तो टिकवला आहे आणि तो टिकायला हवा. व्हॅगन्स, वॅगनी अशा कसरती करण्यापेक्षा वाघिणी कितीतरी सरस. सांधा आणि सांधेवाला हे शब्दही तसेच ठेवा. पॉइंट्सपेक्षा सांधा ऐकल्याबरोबर दोन रूळ जिथे जुळतात ती जागा कळते.

गाडीतपासणी

सिक, बीपीसी, जीडीआर हे तीन शब्द एकत्र समजून घ्या, कारण ते एकाच कामाचे तुकडे आहेत.

गाडी तपासणारा तो टीएक्सआर, ट्रेन एक्झामिनर. तारयंत्राच्या काळात पदनामांची दोनतीन अक्षरी रूपे ठरली होती, त्यातले हे. त्याने नापास केलेली वाघीण ती सिक. तिच्यावर चिठ्ठी किंवा खडूची खूण होते आणि ती रेकमधून काढून सिक लाइनवर, म्हणजे दुरुस्तीच्या रुळावर जाते. 'दोन सिक झाल्या' म्हणजे ५८ च्या जागी ५६ वाघिणींचा रेक मिळणार.

तपासणी पुरी झाली की बीपीसी निघते, ब्रेक पॉवर सर्टिफिकेट. रेकमधल्या किती वाघिणींचे ब्रेक प्रत्यक्ष काम करतात याचा तो दाखला. त्यावर टीएक्सआर, लोको पायलट (ड्रायव्हर) आणि गार्ड अशा तिघांच्या सह्या. बीपीसीचे प्रकार आहेत: ठरावीक फेऱ्या मारणाऱ्या क्लोज सर्किट रेकची किलोमीटर आणि दिवस यांच्या मर्यादेत चालते आणि निघताना ब्रेक १०० टक्के लागतात, प्रीमियम रेकची १२ दिवस, साध्या एंड टू एंडची एका खेपेपुरती. मधल्या एखाद्या मालधक्क्यावर रेक रिकामा झाला आणि तिथे टीएक्सआर नसेल, तर गार्ड आणि ड्रायव्हर दोघे मिळून गाडी पाहतात आणि संयुक्त अहवाल लिहितात. तो जीडीआर, गार्ड-ड्रायव्हर रिपोर्ट. तुमच्या संस्थांचा संबंध इथे येतो. माल उतरवताना दार वाकवले, साखळी तोडली, पाइप चेपला तर तो दोष जीडीआरमध्ये चढतो आणि गाडी तिथेच अडते.

ब्रेकची पद्धतही थोडक्यात, म्हणजे शब्द सुटे राहणार नाहीत. सगळ्या गाडीतून एक ब्रेक पाइप जातो. त्यात ५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब असला की ब्रेक सुटलेले, दाब घटला की लागलेले. शेवटच्या वाघिणीपर्यंत पोचताना दाब थोडा उतरतो: ५६ वाघिणींपर्यंत मागे किमान ४.८ हवा, त्याहून लांब गाडीला ४.७. निघण्याआधी कंटिन्युइटी पाहतात. ड्रायव्हर पुढून दाब उतरवतो, गार्ड मागच्या मापावर तो उतरलेला पाहतो. मग गार्ड मागून उतरवतो आणि ड्रायव्हर पुढे पाहतो. मध्ये कुठे अँगल कॉक, म्हणजे पाइपची झडप, बंद राहिला असेल तर पलीकडच्या सगळ्या वाघिणी बिनब्रेकच्या असतात, आणि ते फक्त याच चाचणीत उघड होते. ही चाचणी घाईत उरकू नये असे मी ठामपणे म्हणतो. घाटात उतरताना याच्याइतकी महागात पडणारी चूक दुसरी नाही.

पार्टिंग म्हणजे चालत्या गाडीचे दोन तुकडे होणे. बहुतेक वेळा कप्लरचा नकल, म्हणजे पंजासारखा वळलेला भाग, जुन्या तड्यावरून मोडतो. पाइप तुटतो, दाब शून्यावर येतो आणि दोन्ही तुकडे आपोआप थांबतात. व्हॅक्यूमच्या काळातही तत्त्व हेच होते, पण हवेच्या ब्रेकला प्रतिसाद जलद मिळतो.

हॉट एक्सल हा शब्द जुन्या बेअरिंगांचा वारसा आहे. आसाच्या टोकाला डबी असे, तिच्यात तेलात भिजवलेला कापसाचा बोळा. तेल संपले की डबी तापे, प्रसंगी पेटे. आता बंद रोलर बेअरिंग असतात. डबी आणि बोळा गेले, तरी तापलेल्या बेअरिंगला नाव तेच राहिले आणि धोकाही तोच: बेअरिंग जाम होऊन आस मोडतो.

कुर्डुवाडीकर

फार नेमकी माहिती मिळाली, आभार. दोन उपप्रश्न. बॉक्सएन आणि बीसीएनच्या कुशीला 'एम्टी/लोडेड' असे लिहिलेला एक दांडा दिसतो, तो माल उतरवल्यावर कुणी फिरवायचा आणि नाही फिरवला तर काय होते? आणि डॅमरेजचा हिशेब एका उदाहरणाने कुणी मांडेल का?

गाडीतपासणी

दांडा फिरवणे हे रेल्वेच्या माणसाचे काम, उतरवणाऱ्याने हात लावू नये. तो ब्रेकच्या दट्ट्याचा जोर बदलतो. बॉक्सएनसाठी सीमा ४२.५ टनांची: वाघीण आणि माल मिळून वजन त्याखाली असेल तर 'एम्टी', तितके किंवा जास्त असेल तर 'लोडेड'. रिकाम्या वाघिणीवर दांडा 'लोडेड' राहिला तर ब्रेक गरजेपेक्षा जोरात लागतो, चाक फिरायचे थांबून रुळावर घासत जाते आणि त्याच्या परिघावर सपाट चकती पडते. ही चकती ६० मिलिमीटरच्या वर गेली की वाघीण सिक. दर फेऱ्याला ठक-ठक असा आवाज करत जाणारी वाघीण ऐकली असेल, ती हीच, आणि तो प्रत्येक ठोका रुळाला आणि बेअरिंगला बसतो. उलट चूक, म्हणजे भरलेली वाघीण 'एम्टी'वर, आवाज करत नाही. ब्रेक कमी लागतो एवढेच, म्हणून ती जास्त वाईट. नव्या वाघिणींत वजन ओळखून जोर आपोआप बदलणारी योजना असते, तिथे हा दांडा दिसणार नाही.

मालधक्का

डॅमरेजचे उदाहरण. मोफत वेळ वाघिणीचा प्रकार आणि उतरवण्याची पद्धत यांवर ठरते. दर आणि वेळ रेल्वे बोर्डाच्या परिपत्रकांनी बदलतात, म्हणून धक्क्यावर लावलेला चालू तक्ता पाहूनच आकडे घ्या. आपण ९ तास मोफत आणि वाघिणीमागे ताशी १५० रुपये धरू. ५८ वाघिणींचा रेक सकाळी ६ ला लागला, म्हणजे प्लेसमेंट ६. मोफत वेळ दुपारी ३ ला संपली. शेवटची वाघीण ४:२० ला रिकामी झाली आणि तेव्हा रिलीज दिला. जादा वेळ १ तास २० मिनिटे, पण तासाचा तुकडा पूर्ण तास धरतात, म्हणजे २ तास. ५८ गुणिले २ गुणिले १५०, एकूण १७,४०० रुपये.

यात दोन गोष्टी संस्था हमखास विसरतात. ५५ वाघिणी वेळेत रिकाम्या केल्या आणि तीन राहिल्या तरी रेक एकसंध धरला जातो, रिलीज शेवटच्या वाघिणीला. त्यामुळे हमालांच्या टोळ्या पहिल्या वाघिणींवर दाटीने लावण्यापेक्षा पूर्ण लांबीत वाटून द्या. दुसरे, धक्का आखूड असेल आणि रेक दोन तुकड्यांत लागत असेल तर प्रत्येक तुकड्याची प्लेसमेंटची वेळ मेमोत लिहून, सही घेऊन ठेवा. सवलतीचा अर्ज करायचा झाला तर हा एक कागद कामी येतो. पाऊस, संप, शंटिंगला लागलेला उशीर या कारणांची नोंद त्याच दिवशी केलेली नसेल तर नंतर कुणी मानत नाही.

कसाराइगतपुरी

बँकर राहिला. ब्रिटिश रेल्वेत चढाला बँक म्हणतात, त्या बँकवर मागून ढकलणारे इंजिन ते बँकर. इंग्लंडमधल्या ब्रॉम्सग्रोव्हजवळची लिकी बँक १ ला ३७.७ चढाची, आणि आपले थळ व बोर घाट १ ला ३७ चे. कसाऱ्याहून इगतपुरीला आणि कर्जतहून लोणावळ्याला चढताना गाडीच्या मागे बँकर लागतात ते यासाठी.

पुढेच आणखी इंजिने का जोडत नाहीत, याचे उत्तर कप्लरमध्ये आहे. १ ला ३७ चढावर प्रत्येक हजार टनांमागे फक्त गुरुत्वाकर्षणाचा ओढा २७ टन. चार हजार टनांच्या गाडीला १०८ टन, चाकांचे घर्षण वेगळे. डब्ल्यूएजी-९ सुरुवातीला जेमतेम ४६-४७ टन ओढ देते. पुरेशी इंजिने पुढे लावली तरी तो सगळा ताण पहिल्या वाघिणीच्या एकट्या नकलवर येतो. मागून ढकलले की ताण वाटला जातो, आणि कुठे पार्टिंग झालेच तर मागचा तुकडा दरीकडे सुटत नाही.

याच घाटांतले दोन शब्द लोक नेहमी उलटेपालटे करतात. कॅच सायडिंग वरून स्टेशनकडे सुटत येणारी गाडी पकडते. उतार स्टेशनकडे १ ला ८० पेक्षा तीव्र असेल तिथे ती असते. स्लिप सायडिंग स्टेशनात उभ्या वाघिणी घरंगळून बाहेर मुख्य मार्गावर जाऊ नयेत म्हणून. स्टेशनपासून बाहेर जाणारा उतार १ ला १०० पेक्षा तीव्र असेल तिथे. घाट उतरताना सांधा मुळातच कॅच सायडिंगकडे लावलेला असतो. गाडी तिथे पूर्ण थांबली, म्हणजे ब्रेक ताब्यात आहेत हे सिद्ध झाले, की मगच तो मुख्य मार्गाला फिरतो.

रूळमित्र

एक जोड देतो, नव्या शब्दांची. दोन रेक जोडून एक गाडी केली की तिला पायथन म्हणतात, आणि त्यावरून सापांच्या नावांची मालिकाच सुरू झाली. ३० जून २०२० ला तीन भरलेल्या रेकांची सुपर अ‍ॅनाकोंडा, २ जुलै २०२० ला दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात चार रिकाम्या रेकांची २.८ किलोमीटर लांब शेषनाग, २०२१ च्या जानेवारीत पाच रेकांची वासुकी. लूपच्या ६८६ मीटरमध्ये यांतली एकही मावत नाही. त्यामुळे त्यांना वाटेत कुठे बाजूला न घेता सलग मार्ग द्यावा लागतो, आणि म्हणून त्या रोजच्या नियमित वाहतुकीत सरसकट चालवता येत नाहीत.

कोकण रेल्वेवरची रो-रो (मालासह अख्खे ट्रक वाहणारी सेवा) २६ जानेवारी १९९९ पासूनची. कोलाड ते वेर्णा भरलेले ट्रक ज्या सपाट वाघिणींवर चढतात त्या बीआरएन, मुळात रूळ आणि पोलाद वाहण्यासाठी बनवलेल्या, 'आर' रुळांचाच. आणि खिडक्या बंद केलेले जुने प्रवासी डबे मोटारगाड्या वाहताना दिसतात ते एनएमजी, न्यू मॉडिफाइड गुड्स.

गाडीतपासणी

स्टेबल कुणी घेतला नाही म्हणून लिहितो. रेक रुळावर ठेवून इंजिन काढून नेले की रेक स्टेबल झाला. तेव्हा ब्रेक व्हॅनचा आणि दोन्ही टोकांच्या किमान सहा-सहा वाघिणींचा हँडब्रेक आवळतात, चाकांखाली लाकडी पाचरी घालतात, साखळी रुळाला बांधून कुलूप लावतात. हवेच्या ब्रेकवर विसंबता येत नाही, कारण इंजिन गेल्यावर सिलिंडरमधली हवा हळूहळू झिरपून जाते आणि काही तासांनी ब्रेक आपोआप सुटतात. उतारावर हे विसरले तर रेक कुणी हात न लावता चालू लागतो.

तुमच्या कर्मचाऱ्यांसाठी यातली कामाची गोष्ट: मालधक्क्यावर आवळलेले हँडब्रेकचे चाक उभे राहायला किंवा दोरी बांधायला वापरू नये, ते अर्धवट फिरते. पूर्ण सैल नसलेला हँडब्रेक पाइपमध्ये ५ किलो दाब भरला तरी सुटत नाही. गाडी निघते, ब्रेकचे ब्लॉक चाकावर घासत राहतात, चाक तापते, आणि पुढच्या स्टेशनात धूर दिसला म्हणून गाडी थांबवतात. नोंद होते 'ब्रेक बाइंडिंग', वाघीण सिक, आणि तपास मागे फिरून रेक जिथे रिकामा झाला त्या धक्क्यापर्यंत येतो.